ट्रेडरची नोकरी पाहिजे, पण पैसा कुणाचा?

जॉबच्या ॲपवर लोकेशन सोलापूर टाका, कॅटेगरी फायनान्स टाका आणि बघा काय काय येतं. गोल्ड लोनच्या ब्रँचला एक्झिक्युटिव्ह, बचत गटाच्या कर्जाची वसुली (स्वतःची टू-व्हीलर आणि लायसन पाहिजे), इन्शुरन्सचा ॲडव्हायझर, शोरूमला बसून गाडीचं लोन करून देणारा, आणि मधूनच एखादी चमकणारी जाहिरात, ‘शेअर मार्केट ट्रेडर पाहिजे, फ्रेशर चालेल, अनुभवाची अट नाही, कमाई अनलिमिटेड’. बीकॉमचा निकाल लागला तेव्हापासून मी ह्या शेवटच्या टाईपच्या जाहिरातींच्या मागं आहे, कारण मला मार्केटमध्येच काम करायचंय, बँकेच्या काउंटरला नाही, आणि ह्या नादात नवी पेठेपासून होटगी रोडपर्यंत आणि तिथनं पुण्यापर्यंत बऱ्याच ऑफिसच्या खुर्च्या गरम करून झाल्यात.

तर मुद्दा असा की बाहेरून बघणाऱ्याला ट्रेडर म्हणजे चार स्क्रीन आणि लाल-हिरव्या कँडल्स, पण जाहिरातीत ‘ट्रेडर’ लिहिलेलं असतं त्याच्याखाली निदान तीन वेगळी कामं लपलेली असतात आणि तिघांचा पगार वेगळा, रिस्क वेगळी, पाच वर्षांनी तुम्ही कुठं असाल तेही वेगळं. कुठलं काम आहे ते ओळखायला फार काही लागत नाही, एकच प्रश्न विचारायचा. जो ट्रेड होणार आहे तो पैसा कुणाचा? क्लायंटचा, कंपनीचा, का माझाच?

हे मला कुठल्या कोर्सनं शिकवलेलं नाही. आमचे थोरले काका आयुष्यभर सुताच्या पेढीवर दिवाणजी होते. सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना सूत लागतं, आणि त्या बाजारात माणसं दोन जातीची, एक दलाल, तो फक्त सौदा जुळवून देतो आणि त्याची ठरलेली दलाली घेतो, भाव चढू दे नाहीतर पडू दे. दुसरा व्यापारी, तो स्वतःच्या पैशानं माल उचलून गोडाऊनला टाकतो आणि मग त्याचं सगळं घर भावावर चालतं. मी पहिल्या इंटरव्ह्यूला निघाले तेव्हा काका म्हणले, “तिथं दलालाचं काम हाय का व्यापाऱ्याचं ते आधी इचार. आन् व्यापाऱ्याचं असलं तर माल कुणाच्या पैशानं उचलायचा ते इचार, लाजू नकोस.” बास, एवढंच. सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याचा हंगाम सुरू झाला की गाड्यांची रांग लागते, तिथंही हेच चालतं की, अडत्या शेतकऱ्याचा माल विकून देतो आणि अडत घेतो, बोली लावणारा खरेदीदार मात्र स्वतःच्या जिवावर बोली लावतो. म्हणजे आपल्या गावाला ट्रेडिंग काही मोबाईल आल्यावर कळलेलं नाही. फक्त आपण ते सीव्हीत लिहीत नाही आणि इंटरव्ह्यूला गेलो की आपल्याला काहीच येत नाही असं तोंड करून बसतो.

आता पहिला प्रकार, पैसा क्लायंटचा. ह्या कामाचं खरं नाव डीलर. सोलापुरात ब्रोकरचं स्वतःचं ऑफिस असतं किंवा जास्त करून फ्रँचायझी असते, तिला कागदावर ऑथराइज्ड पर्सन म्हणतात. (काही बोर्डांवर अजून ‘सब-ब्रोकर’ लिहिलेलं दिसतं, सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ती कॅटेगरीच २०१९ मध्ये संपवली, पण बोर्ड रंगवायचा खर्च कोण करणार.) तिथं सकाळी नऊच्या आधी टर्मिनल (ऑर्डर टाकायचा कॉम्प्युटर) लॉगिन, नऊ ते सव्वानऊ प्री-ओपन, सव्वानऊला मार्केट चालू, साडेतीनला बंद. रिटायर झालेले रेल्वेवाले, कापडवाले, दोन-चार डॉक्टर, असे जुने क्लायंट फोन करतात नाहीतर सरळ येऊन शेजारच्या खुर्चीत बसतात, आणि डीलरनं त्यांची ऑर्डर टाकायची. “काका, पन्नास शेअर घेऊ का, मार्केट रेटला?” हे प्रत्येक वेळी तोंडानं बोलून हो म्हणवून घ्यायचं कारण फोन रेकॉर्ड होतो, क्लायंटनं खरंच ऑर्डर दिली होती ह्याचा पुरावा ब्रोकरला ठेवावाच लागतो, उद्या लॉस झाला की “मी सांगितलंच नव्हतं” म्हणणारे कमी नाहीत.

हे काम वाईट नाही, उलट मला तर आवडलं. एका फ्रँचायझीत मला अर्धा दिवस बसवून घेतलं होतं, तिथला डीलर वयानं माझ्या बाबांएवढा, टर्मिनलवर एफ-वन एफ-टू अशा कीच वापरायचा, माऊसला हातसुद्धा लावत नव्हता, आणि एकीकडं क्लायंटला नातवाच्या मुंजीचं विचारत होता. एफ-वन म्हणजे खरेदी, एफ-टू म्हणजे विक्री, हे पहिल्या दिवशी पाठ करायचं, कारण चुकून उलटी की दाबली तर एरर ट्रेड आणि तो कुणाच्या माथी बसतो ते सांगायला नको. पगार मला सांगितला तो दहा ते बारा हजार. सोलापूरला घरी राहून ते चालतं.

अडचण वेगळीच आहे. फ्रेशरला डीलरच्या खुर्चीत बसवतच नाहीत. ऑफर लेटरवर ‘डीलर’ किंवा ‘रिलेशनशिप’ असं काहीतरी, आणि काम म्हणजे डीमॅट अकाउंट (शेअर ठेवायचं खातं) उघडणं. देशात डीमॅट अकाउंट ऑगस्ट २०२२ मध्ये १० कोटींच्या वर गेले आणि मार्च २०२४ मध्ये १५ कोटींच्या, हे आकडे काही आपोआप वाढत नाहीत, त्यातली कितीतरी अकाउंट कुणातरी पोरानं कॉलेजच्या गेटवर उन्हात उभं राहून मित्राच्या आधार-पॅनवर उघडलेली असतात. म्हणून क्लायंटच्या पैशाची नोकरी असेल तर दुसरा प्रश्न लगेच विचारून टाकायचा, महिन्याला अकाउंट किती उघडायची, आणि नाही उघडली तर पगार कापणार का. एका ठिकाणी हे विचारलं तर समोरचे साहेब हसले आणि म्हणाले टार्गेट हा शब्द आम्ही वापरत नाही, आम्ही एक्स्पेक्टेशन म्हणतो. मी पण हसले, चहा पिऊन आले.

दुसरा प्रकार, पैसा कंपनीचा. प्रॉप डेस्क, जॉबिंग (बारीक फरकावर दिवसभर घे-वीक), आर्बिट्राज. इथं कंपनी स्वतःच्या पैशानं खेळते आणि तुम्हाला पगार अधिक नफ्यात वाटा. सगळ्यात साधं उदाहरण कॅश-फ्युचर आर्बिट्राजचं, शेअर कॅश मार्केटमध्ये घ्यायचा, त्याचाच फ्युचर (पुढच्या तारखेचा सौदा) जास्त भावाला विकायचा, एक्स्पायरीला, म्हणजे तो सौदा संपायच्या दिवशी, दोन्ही भाव एकत्र येतात आणि मधला फरक तुमचा. ऐकायला सोपं आहे, पूर्वी ह्यावर बीकॉमवाली पोरं मुंबई-अहमदाबादला रांगेनं बसलेली असायची. आता तो फरक डोळ्याला दिसायच्या आत मशीन उचलून नेतं. सेबीनं सप्टेंबर २०२४ ला फ्युचर-ऑप्शनचा जो अभ्यास काढला त्यात २०२३-२४ मध्ये प्रॉप ट्रेडर्सना जो नफा झाला त्यातला ९६ टक्के अल्गोनं, म्हणजे आपोआप ऑर्डर टाकणाऱ्या प्रोग्रामनं, झाला, परदेशी फंडांचा ९७ टक्के. हा आकडा मी वाचला आणि मला बऱ्याच नाकारलेल्या अर्जांचा अर्थ लागला. जिथं खरा प्रॉप डेस्क आहे तिथं त्यांना पायथन पाहिजे, प्रोबॅबिलिटी पाहिजे, आणि ते लोक मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॅम्पसला जाऊन पोरं घेतात, सोलापूरच्या बीकॉमचा सीव्ही ते उघडतसुद्धा नसतील. वाईट वाटून घ्यायचं काही नाही. ज्याला गणित आवडतं त्यानं दोन वर्षं घालून कोडिंग शिकावं आणि जावं, पण सहा महिन्यांत ट्रेडर बनवतो म्हणणाऱ्याकडनं हे होणार नाही.

शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून विकली एक्स्पायरी प्रत्येक एक्स्चेंजला एकाच इंडेक्सची (निफ्टी, सेन्सेक्स असल्या) राहिली आणि इंडेक्सचं कॉन्ट्रॅक्ट कमीत कमी १५ लाखांचं झालं. आधी आठवड्याचा जवळजवळ रोजचा दिवस कुठल्या ना कुठल्या एक्स्पायरीचा असायचा, त्या जिवावर चालणाऱ्या छोट्या डेस्कना त्याची झळ बसणारच, भरतीवर परिणाम होणारच. हे बरोबर का चूक तो वाद वेगळा. माझं मत विचाराल तर बरोबर.

आता तिसरा प्रकार, आणि ह्याच्यासाठीच मी एवढं लिहायला बसले. पैसा तुमचा.

होटगी रोडला एका कॉम्प्लेक्समध्ये, नाव घेत नाही, रिसेप्शन एकदम चकाचक, एसी, भिंतीवर बैल. इंटरव्ह्यू दहा मिनिटांत संपला, काही विचारलंच नाही, सिलेक्शन झालं म्हणाले. मग कागद पुढं आला. जॉईन होताना पन्नास हजार सिक्युरिटी डिपॉझिट, ते ‘रिस्क कॅपिटल’ म्हणून तुमच्याच आयडीला लावणार, नफा झाला तर साठ टक्के तुमचा चाळीस कंपनीचा, लॉस झाला तर डिपॉझिटमधून वजा, डिपॉझिट संपलं की परत भरायचं. मी विचारलं मग माझा पगार कुठून येणार. तर म्हणाले, मॅडम, पगार क्लार्कला असतो, तुम्ही ट्रेडर आहात. म्हणजे खुर्ची त्यांची, वीज त्यांची, ब्रोकरेज त्यांना, आणि बुडायचं ते माझ्या बाबांच्या पीएफमधलं. काकांच्या भाषेत सांगायचं तर व्यापाऱ्याची सगळी जोखीम माझी आणि वर दलालीही मीच द्यायची. ह्याला नोकरी म्हणत नाहीत, ह्याला ग्राहक म्हणतात.

ह्याचेच भाऊबंद ऑनलाईन आहेत. ‘फंडेड अकाउंट’, चॅलेंज पास करा आणि आम्ही लाखो रुपये ट्रेडिंगला देतो, फक्त चॅलेंजची फी भरा, फेल झालात तर परत फी. त्यातले बरेच फॉरेक्सचे असतात, परदेशी प्लॅटफॉर्मवर डॉलर-येन वगैरे, आणि आपल्याकडं राहणाऱ्या माणसाला असं कुठल्याही प्लॅटफॉर्मवर फॉरेक्स ट्रेडिंग करायची परवानगीच नाही. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये परवानगी नसलेल्या प्लॅटफॉर्मची अलर्ट लिस्ट काढली, नंतर ती वाढवत नेली, आणि लिस्टमध्ये नाव नाही म्हणजे परवानगी आहे असंही नाही. फी भरायच्या आधी ती लिस्ट बघायला दोन मिनिटं लागतात.

आणि अजून एक, हा तर एकदम गावठी प्रकार, ‘अकाउंट हँडलर पाहिजे’. म्हणजे दुसऱ्याच्या डीमॅटचा पासवर्ड घेऊन तुम्ही ट्रेड मारायचे, महिन्याला चार-पाच टक्के देतो म्हणून लोकांना सांगायचं. दुसऱ्याचा पैसा सांभाळायचा असेल तर सेबीचं पीएमएसचं (पोर्टफोलिओ मॅनेजमेंटचं) रजिस्ट्रेशन लागतं आणि तिथं एका गुंतवणूकदाराकडून कमीत कमी ५० लाख घ्यावे लागतात, गल्लीतल्या पन्नास जणांचे वीस-वीस हजार नाही. असल्या ठिकाणी तुम्ही नोकर म्हणून बसता आणि मालक गायब झाला की लोक तुमच्या दारात येतात, कारण त्यांनी तोंड तुमचं बघितलेलं असतं. आमच्या ओळखीतल्या एका पोराचं हे झालंय, त्यानं आता सोलापूरच सोडलं, जास्त लिहीत नाही.

समोरची कंपनी खरी आहे का हे तपासायचं असेल तर सेबीच्या साईटवर रजिस्टर्ड इंटरमिजिअरीची (ब्रोकर वगैरेंची) यादी असते, आणि फ्रँचायझी असेल तर एक्स्चेंजच्या साईटवर ऑथराइज्ड पर्सन शोधता येतो. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्रीच बघून ठेवायचं. रजिस्ट्रेशन नंबर ऑफिसात बोर्डावर लावलेला असावा लागतो, नसला तर सरळ मागायचा, त्यात अपमान वाटला तर वाटू दे त्यांना.

स्वतःच्या पैशानं ट्रेडिंग करून पोट भरू असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी त्याच सेबीच्या अभ्यासातला आकडा, २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के लॉसमध्ये, सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. आणि तिशीच्या आतली मंडळी ३१ टक्क्यांवरून एका वर्षात ४३ टक्के झाली. ही तिशीच्या आतली मंडळी म्हणजे आपणच की. ज्याला नोकरी लागेना तो ‘तोपर्यंत ट्रेडिंग करतो’ म्हणतो. माझ्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्म्यांच्या स्टेटसला नफ्याचे स्क्रीनशॉट असतात, लॉसचा स्क्रीनशॉट मी अजून बघितलेला नाही.

क्लासबद्दल दोनच वाक्यं. ‘लाईव्ह मार्केटमध्ये शिकवतो आणि जॉबची गॅरंटी’ अशी बॅनर सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत लागलेली असतात, फी पंचवीस हजारापासून पुढं, आणि सेबीनं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय की नुसतं शिक्षण देतो म्हणणाऱ्यानं मागच्या तीन महिन्यांचे भाव वापरून शेअरबद्दल बोलायचं नाही, तेव्हा लाईव्ह मार्केट दाखवून उद्या काय घ्यायचं सांगणारा माणूस शिक्षक आहे का टिप्सवाला ते तुम्हीच ठरवा.

मग फ्रेशरनं शिरायचं कुठून? माझ्या मते ऑपरेशन्स आणि रिस्क. हे शब्द ऐकून कुणाच्या अंगावर काटा येत नाही, इन्स्टाला रील बनत नाही, पण ट्रेडचा पैसा खरा कसा फिरतो ते तिथंच कळतं. शेअर विकला की दुसऱ्या दिवशी पैसे येतात, जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी प्लस वनवर आले, हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या एका दिवसात कोण काय करतं? पे-इन, पे-आऊट (पैसे-शेअर जमा करणं आणि वाटणं), कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याची पावती), रेको (दोन हिशोब जुळवणं), बोनस-स्प्लिट आला की होल्डिंग बदलणं, हे सगळं कुणीतरी बसून करतंय. रिस्कवाले, त्यांना आरएमएस म्हणतात, ते कुणाचं मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) कमी पडलं ते बघत बसतात, आधी फोन, मग मेसेज, मग पोझिशन (चालू सौदा) कापून टाकायची. तीननंतर इंट्राडेच्या पोझिशन कापायला लागल्या की तिथं जो गोंधळ असतो तो बघण्यासारखा असतो म्हणे. मार्केट शिकायचं तर त्या खुर्चीतून शिकावं, दुसऱ्यांचे लॉस बघत, पगार घेत.

ह्याच्यासाठी सर्टिफिकेट लागतं एनआयएसएमचं (सेबीची परीक्षा घेणारी संस्था), आणि ते घ्यायला क्लासची गरज नाही, रजिस्टर केलं की त्यांचं वर्कबुक मिळतं तेच दोनदा वाचायचं. डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे फ्युचर-ऑप्शनच्या, टर्मिनलला बसायचं तर सिरीज आठ, शंभर प्रश्न, दोन तास, पासिंग ६०, आणि चुकलं की पाव मार्क कापतात, तेव्हा तुक्के मारायचे नाहीत. म्युच्युअल फंडाची पाच-ए सोपी, पासिंग ५० आणि निगेटिव्ह नाही. ऑपरेशन्स आणि रिस्कला सिरीज सात. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, म्हणून दुसऱ्या वर्षाला असतानाच काढून ठेवायची घाई नको, नोकरी शोधायच्या वेळी काढा. मी आठ केली आहे, सातचं चालू आहे. आठ केल्यावर फोन यायला लागले हे खरं, आधी तर कुणी विचारत नव्हतं.

पुण्याचा एक इंटरव्ह्यू सांगते. सकाळची हुतात्मा पकडली, स्टेशनवरनं खराडी, फंड अकाउंटिंगचं काम होतं, म्हणजे फंडाची रोजची एनएव्ही (एका युनिटचा भाव) काढायची. मी ऑप्शन ग्रीक्स (ऑप्शनचा भाव कशानं किती हलतो त्याची मापं) घोकून गेले होते, डेल्टा, थीटा, सगळं. त्यांनी विचारलं काय, तर डिव्हिडंड डिक्लेअर झाला पण अजून मिळाला नाही तर एंट्री काय पडेल. हे तर अकरावीचं अकाउंट! मग एक्सेलमध्ये दोन शीट दिल्या, एक ब्रोकरची, एक कस्टोडियनची (फंडाचे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेची), आणि फरक शोधायला सांगितला. व्हीलुकअप मला येत होतं म्हणून निभावलं, माझ्याबरोबर सोलापूरचाच एक मुलगा होता, टॅलीत एकदम वस्ताद, पण एक्सेलला अडला. आपल्याकडं कॉमर्सला टॅली सगळे करतात आणि एक्सेल म्हणजे टायपिंगसारखं काहीतरी समजतात, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ती सगळी इंडस्ट्री एक्सेलवर उभी आहे. व्हीलुकअप, पिव्होट, काउंटइफ, एवढं आलं तरी निम्मं काम झालं.

आणि इंग्लिश. इंग्लिशला घाबरून आपली पोरं सीव्हीच टाकत नाहीत. मला वाटतं आपण उलटं बघतोय. सोलापुरातलं पोरगं घरी मराठी नाहीतर तेलुगू, गल्लीत कन्नड, मित्रांत हिंदी असं वाढतं, अशोक चौकात भाजी घेताना तीन भाषा होतात. ब्रोकरच्या कॉल डेस्कला, मार्जिनच्या फोनला नेमकी अशी माणसं लागतात, विजयपूरच्या क्लायंटला कन्नडमध्ये आणि हैदराबादच्या क्लायंटला तेलुगूमध्ये सांगायला की साहेब पैसे भरा नाहीतर पोझिशन कापतो. माझ्या सीव्हीत भाषा सगळ्यात खाली एका ओळीत होत्या, त्या मी उचलून वर आणल्या, डिग्रीच्या खालोखाल, आणि पुढच्या दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न त्याच्यावरच आला. तेलुगू मला शेजाऱ्यांमुळं येतं, घरात कुणालाच येत नाही.

घरचं म्हणाल तर आईचं एकच, आयबीपीएसचा फॉर्म भर. भरलाय. बाबांना अजून ट्रेडिंग म्हणजे सट्टाच वाटतो, आणि ते ९३ टक्के त्यांना वाचून दाखवल्यापासून तर ते पेपर वाचल्यासारखं मान हलवून “मी काय म्हणत होतो” म्हणतात. त्यांना समजावून थकले की मी ट्रेडिंग करणार नाहीये, ट्रेडिंग करणाऱ्यांचा हिशोब ठेवणार आहे. मामाचा मुलगा परवा भेटला, “काय करलालीस गं सध्या?” म्हणाला, मी म्हणलं मार्केटमध्ये जॉब बघतेय, तर म्हणतो मग एखादी टिप दे की. म्हणजे घ्या.

सध्या हातात दोन गोष्टी आहेत. एक इथंच, पार्क चौकाजवळच्या फ्रँचायझीत, अकरा हजार, अकाउंटचं टार्गेट आहे पण ते खरं सांगतात आणि वर्षभरानं टर्मिनलला बसवतो असं तोंडी म्हणतात. दुसरी पुण्यात आरएमएसला, एकोणीस हजार, त्यातले पीजी आणि डबा धरून नऊ-दहा तिथंच जाणार, म्हणजे हातात जवळजवळ सोलापूरएवढेच उरणार. पैशाकडं बघितलं तर दोन्ही सारखंच आहे, पण पुण्यात पहिल्या दिवसापासून काम मार्जिनचं आहे आणि इथं पहिलं वर्ष कॉलेजच्या गेटवर. माझा कल पुण्याकडं आहे. दोन्हीकडं पैसा क्लायंटचा, तेवढं बघूनच पुढं गेलेय.

पुण्याच्या दुसऱ्या राऊंडला एवढंच विचारायचं राहिलंय की एमसीएक्सचा (कमोडिटी एक्स्चेंजचा) डेस्क कोण बघणार, कारण कमोडिटी रात्री साडेअकरापर्यंत चालू असते, अमेरिकेतलं घड्याळ बदललं की अकरा पंचावन्नपर्यंत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणं बाईला रात्री साडेनऊनंतर कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते आणि घरापर्यंत सोडायची सोय कंपनीनं करायची असते. संमती मी देईन, रात्री सोनं-क्रूडची हालचाल बघायला मिळाली तर चांगलंच आहे. गाडीचं मात्र लेटरवर लिहून घेणार, तोंडी नको.